‘श्यामची आई’तील छळ, अब्रू आणि दुःखाचा अर्थ

‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९३३ साली तेथे होते. गुरुवार, ९ फेब्रुवारीला त्यांनी लिहायला घेतले आणि सोमवार, १३ फेब्रुवारीला हात थांबवला. या आठवणींचे पुस्तक १९३५ मध्ये बाहेर आले आणि मराठी घरांत ते मुलांच्या हाती हमखास दिले जाणारे पुस्तक ठरले. आईच्या वात्सल्याची कथा अशी त्याची ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. पण त्यात आणखी एक सूत्र आहे, त्याकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. एका कर्जबाजारी घराचा चारचौघांत होणारा पाणउतारा, तो पाणउतारा मुलांच्या वर्गापर्यंत पोचण्याची रीत, आणि सोसलेल्याला पुढे अर्थ कोणी द्यायचा हा प्रश्न, असे ते सूत्र आहे. शाळेतल्या छळावरची पुस्तके म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांत ‘श्यामची आई’ नसते. असायला हवी.

साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या पालगड गावी झाला. घराणे खोतांचे. सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा तो खोत. त्यामुळे गावात मान मोठा, आणि या मानाबरोबर थोडा राग आणि हेवाही वाट्याला यायचा. साने यांच्या वडिलांच्या काळात मान उरला आणि मिळकत आटली. भाऊबंदकीत मूळ घर सुटले, वेगळे राहावे लागले, सावकाराचे कर्ज व्याजाने फुगत गेले. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर हा तपशील विसरून चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गरीब असलेल्या घराची गरिबी गावाला बघून बघून सवयीची झालेली असते. खाली आलेल्या घराकडे मात्र गाव टक लावून बघते.

आई यशोदा १९१७ मध्ये वारली. तेव्हा मुलगा घरी नव्हता. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशा वाऱ्या चालू होत्या. पुढे १९२४ मध्ये साने अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या स्वतः झाडणारा, त्यांचे पसारे आवरणारा हा माणूस मुलांना सुरुवातीला चमत्कारिक वाटला असणार. छात्रालयातल्या घडामोडींवर ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित काढीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते चळवळीत उतरले. मग तुरुंगामागून तुरुंग सुरू झाले. त्रिचनापल्लीला त्यांचा तमिळशी परिचय झाला. धुळ्याला १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या काळात विनोबा भाव्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरून घेण्याचे काम साने यांनी केले. आज ‘गीताप्रवचने’ वाचायला मिळतात ती त्यामुळे. त्यानंतर नाशिक. त्याच सुमारास नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी समाजवादाचा खल करीत होती, आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची आखणी तिथे झाली. दुःखाचे कारण समाजाच्या रचनेत शोधणारे आणि आईच्या आठवणींत दुःखाचा अर्थ शोधणारा असे दोघेही एकाच कारागृहात होते, याची नोंद साहित्याच्या इतिहासात सहसा होत नाही.

पुस्तकाची बांधणी साधी दिसते. एका आश्रमात श्याम नावाचा तरुण, म्हणजे साने यांचेच रूप, रोज रात्री प्रार्थनेनंतर मित्रांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. कथा सांगणारा मोठा झालेला आहे, आई गेलेली आहे, आणि ऐकणारे त्याच्यावर माया करणारे आहेत. या तीन गोष्टींमुळे पुस्तकाचा सूर ठरतो. लहानपणी जे नुसते दुखले होते ते आता सांगण्याजोगे झाले आहे. साने ही चौकट वारंवार पुढे आणतात, मध्येच श्रोत्यांशी बोलतात, कधी गहिवरून थांबतात. त्यांच्यावर भाबडेपणाचा आरोप करणाऱ्यांचे बोट नेमके याच जागांवर असते. आरोपात तथ्य आहे. पण हीच चौकट नसती तर पुस्तकाच्या मध्यभागी असलेला प्रश्न उभाच राहिला नसता.

अपमानाची मालिका हळूहळू चढत जाते. आधी वेगळे निघणे आणि झोपडीवजा घरात राहणे. घरात एक वस्तू असली तर दुसरी नाही अशी ओढाताण. त्यातच कर्जवसुलीसाठी सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो आणि बायकोमाणसासमोर बोलू नये ते बोलतो. एरवी शांत असणारी आई त्या वेळी खवळून उठते. या प्रकरणाचे शीर्षकच कर्जाला जिवंतपणीचा नरक म्हणते. आणि अखेर ‘अब्रूचे धिंडवडे’ हे प्रकरण येते. गावात ढोल वाजवून दवंडी पिटली जाते की अमक्याचे घर जप्त होणार. ब्रिटिश काळातल्या दिवाणी कारवाईत जप्ती आणि लिलावाची दवंडी ही कायद्याचीच पायरी होती. लोकांना कळावे, बोली लावणारे यावेत, एवढाच तिचा हेतू. गावात मात्र तिचा परिणाम भर चौकात उभे करून बेइज्जत करण्याइतका होई.

त्या दिवशी श्याम गावात नाही. धाकटा भाऊ पुरुषोत्तम शाळेत आहे. वर्गातली मुले त्याला घराच्या जप्तीवरून चिडवू लागतात, तोंडाने ढोलाचा आवाज काढतात. पोरगा रडकुंडीला येतो, मास्तरांकडे जाऊन घरी जाऊ का म्हणून विचारतो. मास्तर त्याला खाली बसायला सांगतात. शाळा सुटायला थोडाच वेळ उरला आहे. शाळा सुटल्यावर मुले त्याच्या पाठी लागतात. तो घरी येऊन आईला बिलगतो. सारे मिळून पान-दीड पानाचा मजकूर आहे. साने यांनी इतर ठिकाणी पानेच्या पाने आसवे ढाळली आहेत, इथे ते भराभर पुढे जातात, आणि म्हणून हा भाग पुस्तकात सर्वांत जास्त झोंबतो.

शाळेतल्या छळाचा शास्त्रीय अभ्यास या लेखनानंतर चाळीसएक वर्षांनी सुरू झाला. त्याचा पाया घालणारे डॅन ऑल्वेअस हे जन्माने स्वीडिश आणि कर्माने नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात त्यांनी केलेली मांडणी आजही वापरात आहे. एखादी कृती छळ ठरते ती तीन गोष्टी एकत्र आल्यावर: ती मुद्दाम दुखावण्यासाठी असते, ती पुन्हापुन्हा होते, आणि दोन्ही बाजूंचे बळ असमान असते. दोन बरोबरीच्या पोरांची मारामारी यात बसत नाही. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या, छळ हे त्यामागचे कारण असावे असे समोर आले, आणि १९८३ मध्ये देशभरच्या शाळांत मोहीम निघाली. पुढे फिनलंडच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये लक्ष बघ्यांकडे वळवले. वर्गात छळणारा एक आणि छळ सोसणारा एक, एवढेच चित्र नसते. त्याला साथ देणारे असतात, हसून त्याचा उत्साह वाढवणारे असतात, बाजूला बसून गप्प राहणारे असतात, आणि एखादा मध्ये पडणाराही असतो. छळणाऱ्याला खरे तर हवा असतो तो हशा. फिनलंडमध्ये यावर उभारलेला कार्यक्रम छळणाऱ्या मुलाला सुधारण्यापेक्षा उरलेल्या वर्गाचे वागणे बदलण्यावर भर देतो.

पालगडचा तो वर्ग या कसोट्यांवर तपासला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. मुलांनी स्वतः काही शोधून काढलेले नाही. ढोल मोठ्यांनी वाजवला. मुलांनी त्याची नक्कल केली. बळातली तफावतही मुलांच्या अंगच्या ताकदीतून आलेली नाही, ती सावकाराच्या वहीतून आणि कोर्टाच्या हुकमातून आली आहे. काल खोताच्या घरचा म्हणून वचकून असलेल्या पोरांना आज त्याच्यावर हसण्याची मुभा मिळाली आहे. शाळेतला छळ हा वर्गाच्या चार भिंतींत जन्मतो असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. वर्णावरून, जातीवरून, बोलीवरून, बापाच्या धंद्यावरून, आईच्या बदलीवरून मुले एकमेकांना जे बोलतात त्यातले बहुतेक शब्द घराच्या ओट्यावर आधीच ऐकलेले असतात.

आणि मास्तर. त्यांनी मारले नाही, टोमणा मारला नाही, हसलेही नाहीत. त्यांनी फक्त वेळापत्रक पाळले. साल्मिवाल्ली यांच्या भाषेत सांगायचे तर वर्गातला सर्वांत बलवान माणूस बघ्यांच्या रांगेत जाऊन बसला. साने हे लिहीत होते तेव्हा सहा वर्षांचा शिक्षकी अनुभव त्यांच्या गाठीशी होता, आणि मास्तरांना त्या पोराच्या पोटातली कालवाकालव कळली नाही याची खंत त्यांच्या लेखणीतून उतरली आहे. अमळनेरच्या छात्रालयात त्यांनी जो पायंडा पाडला त्याच्याशी हे ताडून बघता येते. मूल काय सांगते यापेक्षा ते का सांगत नाही याकडे लक्ष देणारा शिक्षक दुर्मीळ, तेव्हाही आणि आताही.

चिडवण्याचा धाक पुस्तकात आणखी एका जागी येतो आणि तिथे आईची बाजू वेगळी दिसते. गावातली मुले विहिरीत पोहायला शिकतात. श्याम भितो आणि लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि चक्क फोडून काढते. मुलगा भित्रा म्हणून लोकांनी हिणवावे हे तिला सोसत नाही. मुलगा पोहून येतो तेव्हा मात्र तीच आई मायेने जवळ घेते. आजच्या वाचकाला या प्रसंगातला मार खटकतो, आणि खटकायलाच हवा. पण त्यातला हिशेब ओळखण्यासारखा आहे. ज्यावरून चिडवले जाईल ते कारणच मुलात उरू नये, अशी तिची धडपड आहे. भीती घालवता येते, म्हणून मार. घराची जप्ती मुलाच्या हाती नाही, म्हणून त्या दिवशी तिच्यापाशी उपाय नाही. छळाच्या बाबतीत पालक करतात ते बहुतेक उपाय पहिल्या प्रकारचे असतात: वजन कमी कर, उच्चार सुधार, दोन ठोसे लगावायला शीक. कारण मुलात नसेल तेव्हा हे सगळे फुकट जातात.

आता दुःखाच्या अर्थाकडे. ‘श्यामची आई’तल्या जवळजवळ प्रत्येक रात्रीला शिकवण आहे. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनाला जप. फुले झाडावर फुलू दे. मिठाविना भाजी झाली तरी रांधणाऱ्याचे मन मोडू नकोस. गरिबीचे चटके या शिकवणींत मिसळून जातात आणि वाचकाला वाटू लागते की एवढे सोसले म्हणून असा मुलगा घडला. साने यांच्यापाशी या विचाराची शिदोरी दोन ठिकाणांहून आलेली होती. एक वारकरी संतांची परंपरा, जिच्यात संसाराचे हाल देवाजवळ नेणारे ठरतात. दुसरी धुळ्याच्या तुरुंगात ताजी ताजी ऐकलेली गीता. पण या शिकवणी कधी देता येतात हे बघितले पाहिजे. प्रसंग घडून गेल्यावर, वीसेक वर्षांनी, आश्रमातल्या शांत रात्री. श्याम स्वतःच्या दुःखाला अर्थ देतो तो स्वतः, आणि उशिरा. पुरुषोत्तमाच्या प्रसंगाला मात्र तो कोणतीच शिकवण चिकटवत नाही. वर्गात रडणाऱ्या धाकट्या भावाला यातून काय मिळाले, हे सांगण्याचा अधिकार आपल्याकडे नाही असे जणू लेखकाला जाणवले आहे. पुस्तकाची नैतिक उंची मोजायची तर या न सांगण्यावरून मोजावी.

त्याच वर्षांत नाशिक परिसरात दुःखाच्या अर्थाला अगदी वेगळे उत्तर दिले जात होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तो काही वर्षे चालवला. दरवाजे उघडले नाहीत. आणि ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. शाळेतला अपमान म्हणजे काय हे आंबेडकरांइतके फार थोड्यांनी सोसले असेल. साताऱ्याच्या शाळेत ते वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसत. ते गोणपाट रोज घरून आणायचे आणि परत न्यायचे, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ उघडून देणारा शिपाई हवा. तो नसला तर पाणी नाही. इथे चिडवणाऱ्या पोरांची गरजच नव्हती. अपमानाचे काम शाळेची व्यवस्था शिस्तीत पार पाडत होती. आठवणी लिहिताना आंबेडकरांनी या दुःखातून कोणताही गोड अर्थ काढला नाही. ते होते तसे मांडले आणि ते थांबले पाहिजे असे ठरवले. हा जन्म पूर्वसंचिताचे फळ, सोसाल तर पुढे सुटाल, हे सांगणे त्यांच्या दृष्टीने छळाचाच भाग होते.

दलित साहित्य याच वाटेने पुढे गेले. नाशिकजवळच्या विहितगावी १९३० मध्ये जन्मलेले बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. त्यातल्या माणसांना दुःख उदात्त करीत नाही. ते त्यांना तोडते, पिसाट करते, क्वचित पेटवते. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये शेजारच्या अकोले तालुक्यातले बालपण असेच कोणताही मुलामा न देता सांगितले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या २०१३ च्या चित्रपटात जब्याच्या घरच्यांना गावातले डुक्कर पकडायचे काम करावे लागते आणि त्याच्या वर्गातली मुलेमुली ते बघत खिदळतात. पालगडच्या ढोलाची नक्कल करणारी मुले आणि ही मुले यांच्यात ऐंशीएक वर्षांचे अंतर आहे. जब्या मात्र आईकडे रडत जात नाही. तो दगड उचलतो आणि तो दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

साने यांच्या बाजूने एवढे नोंदवले पाहिजे की पुस्तकातली सोशिकता त्यांनी स्वतःपुरतीच ठेवली. दुसऱ्याने सोसावे असे त्यांना वाटत नव्हते. पुस्तकातली आई मोळी घेऊन पडलेल्या अस्पृश्य म्हातारीच्या मदतीला मुलाला पाठवते, पण घरी आल्यावर त्याने आंघोळ करावी असेही सांगते. तिच्या काळाची मर्यादा लेखकाने झाकलेली नाही. पुढे १ ते १० मे १९४७ या दिवसांत साने यांनी पंढरपूरला उपोषण केले आणि विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. त्याआधी काही महिने ते या मागणीसाठी महाराष्ट्रभर हिंडत होते. आईने सांगितलेली आंघोळ मुलाने अशी पुसून टाकली.

दुःखाला अर्थ असतो की नसतो, या प्रश्नाला शाळेच्याच आवारात आणून सरळ भिडणारी अलीकडची कादंबरी जपानी आहे. मिएको कावाकामी यांची ‘हेवन’ २००९ मध्ये आली. तिचा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी तो आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होता. चौदा वर्षांचा निनावी निवेदक तिरळा आहे आणि त्यावरून वर्गातली मुले त्याला छळतात, चेंडूसारखे लाथाडण्यापर्यंत. वर्गातली कोजिमा नावाची मुलगी मळकी राहते म्हणून तिचाही छळ होतो. तिची चिठ्ठी त्याच्या कंपासपेटीत येते आणि दोघांची मैत्री जमते. कोजिमाचे मळकेपण तिने मुद्दाम पत्करलेले आहे. गरिबीत मागे राहिलेल्या वडिलांची ती खूण आहे, आणि आपण जे सोसतो त्याला अर्थ आहे, छळणाऱ्यांपेक्षा आपण पुढे आहोत, अशी तिची श्रद्धा आहे. दुसऱ्या टोकाला मोमोसे आहे. छळणाऱ्यांच्या टोळीतला हा मुलगा निवेदकाला थंडपणे सांगतो की तिरळेपणाचा यात काही संबंध नाही, कशालाच काही अर्थ नाही. आम्हाला करता येते आणि करावेसे वाटते म्हणून आम्ही करतो.

‘श्यामची आई’ वाचून वाढलेला वाचक कोजिमाच्या बाजूला झुकतो. कावाकामी त्याला तिथे सुखाने बसू देत नाहीत. सोसण्याला अर्थ दिला की सोसणे सोडवत नाही. निवेदक डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार बोलून दाखवतो तेव्हा कोजिमाला तो विश्वासघात वाटतो, कारण तिच्या लेखी ते डोळेच त्यांच्या नात्याची खूण आहेत. मोमोसेचे म्हणणे खोडायला कठीण आहे, पण त्यात एक खोट आहे. करता येते म्हणून करतो हे सांगणाऱ्याला करता कशामुळे येते, हे तो सांगत नाही. ते येते गप्प बसलेल्या वर्गामुळे आणि वेळापत्रक बघणाऱ्या शिक्षकांमुळे. शेवटी निवेदक शस्त्रक्रिया करून घेतो. कोजिमाच्या दुःखाचा हिशेब लेखिकेने मिटवलेला नाही. साने यांनी धाकट्या भावाच्या बाबतीत जे केले त्याच्याशी याचे दूरचे नाते लागते.

दोन्ही पुस्तकांतला मोठा फरक वेळेचा आहे. श्याम सुटल्यानंतर अर्थ लावतो; कोजिमा छळ चालू असतानाच. पहिल्यात अर्थ आधाराला येतो, दुसऱ्यात तो बेडी होतो. शाळेत छळ सोसणाऱ्या मुलाला यातून तू कणखर होशील म्हणून सांगणारे मोठे लोक या फरकाकडे दुर्लक्ष करतात. ते श्यामच्या तिशीतले शहाणपण पुरुषोत्तमाच्या हाती कोंबत असतात, आणि तेही शाळा सुटायला अर्धा तास उरलेला असताना.

जपानने २०११ मध्ये ओत्सू शहरात एका शाळकरी मुलाने केलेल्या आत्महत्येनंतर २०१३ मध्ये शाळेतला छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. शाळेने छळाविरुद्ध धोरण आखणे आणि तक्रार आल्यास चौकशी करणे त्यात बंधनकारक आहे. भारतात १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांपासून संरक्षण देते, पण त्याचा रोख मुख्यतः शिक्षकांकडून होणाऱ्या त्रासावर असतो. मुलांनी मुलांना दिलेला त्रास त्यात थेट नाव घेऊन येत नाही. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा आहे.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा. लोकांच्या मनात तो वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांशी जोडलेला आहे, पण त्यातली रॅगिंगची व्याख्या पुष्कळ रुंद आहे. शारीरिक किंवा मानसिक इजा करणारे वर्तन, चिडवणे, शिवीगाळ, धमकावणे, चेष्टेच्या नावाखाली त्रास देणे हे सारे तिच्यात येते, आणि वसतिगृहेही कायद्याच्या कक्षेत आहेत. दोषी ठरलेल्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यातली सर्वांत टोकदार तरतूद संस्थाप्रमुखासाठी आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार केली की तिची चौकशी करून कारवाई करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याने ती केली नाही किंवा टाळाटाळ केली, तर त्याने रॅगिंगला चिथावणी दिली असे कायदा मानतो.